शहराला पाणी, आम्हाला काय?

'शिवार आणि नळ' : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

*मी बी.एस्सी. ॲग्री. करून दोन महिन्यांपूर्वी बेळगाव शहराच्या पाणीपुरवठ्याच्या एका कामावर लागले. धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांत जाऊन माती वाहू नये, खत पाण्यात येऊ नये म्हणून शेतकऱ्यांना तयार करायचं, हे माझं काम. पहिल्याच बैठकीत एक काका उठून म्हणाले, 'पाणी शेराला जातंय, आमाला काय मिळतंय सांगा की.' मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही हेच काम केलंत असं वाचलं. काय सांगायचं?*
*एक वाचक, खानापूर तालुका*

तुला 'तू' म्हणते, चालेल ना? माझ्या मुलीपेक्षा लहान आहेस.

उत्तर सुचलं नाही हे बरं झालं. मला सुचलं होतं आणि त्याने नऊ महिने वाया गेले. एका संस्थेच्या कामावर मी अशाच गावात उभं राहून 'पाणी म्हणजे जीवन' वगैरे बोलले होते. मागून एक म्हातारी म्हणाली, 'बाई, आमच्या गल्लीत नळाला पाणी नाही चार दिस.' ती मोठी पाइप त्यांच्याच गावाच्या वेशीवरून शहराकडे जात होती. त्या दिवशी चहा तेवढा झाला.

म्हणून पहिलं काम शेतातलं नाही. गावाचा नळ, गावाची टाकी, पाइपलाइन टाकताना उकरून ठेवलेला रस्ता, यातलं काय अडलंय ते विचारून घे. तुझ्या अखत्यारीत नसेल तर तसं स्पष्ट सांग, पण अर्ज लिहून दे आणि त्याची पोच त्यांच्याच हातात ठेव. सरकारी पत्रकं बहुतेक कन्नडमध्ये असतात आणि साठीतल्या मंडळींची शाळा मराठी. 'उद्योग खात्री'चा, म्हणजे रोजगार हमीचा फॉर्म असो नाहीतर कृषी होंडाचा, म्हणजे शेततळ्याचा, तो समोर बसून वाचून दाखवणारं माणूस गावाला हवंच असतं. मला गावात थारा मिळाला तो बांधबंदिस्तीने नाही, फॉर्म भरून देण्याने.

आता काकांचा प्रश्न. त्यांना शहराचं सांगू नकोस, त्यांच्याच शेताचं सांग. एका एकरावरून एक मिलिमीटर जाडीची माती गेली, म्हणजे नखाएवढी, तरी ती पाच टनांच्या वर भरते. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून न्यायला कुणी आलं तर काठी घेऊन धावतील. पावसाने नेली तर कळतही नाही. युरियाचं पोतं 45 किलोचं, त्यात नत्र 46 टक्के, म्हणजे वीस किलोच्या आसपास. त्यातलं किती पिकाला लागलं आणि किती ओढ्याला गेलं, हा हिशेब त्यांचा स्वतःचा आहे. शहराला गढूळ पाणी गाळावं लागतं, तुरटी जास्त लागते, ही शहराची डोकेदुखी. ती त्यांच्या डोक्यावर ठेवू नकोस.

पण आकडे सांगून माणूस हलत नाही. मी काय केलं ते सांगते. पहिल्या मोठ्या पावसात दोन शेतांच्या खालच्या टोकाला गेले आणि ओघळाचं पाणी दोन प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरलं. एका शेतात सरी वरून सरळ खाली, दुसऱ्यात आडवी. दोन्ही बाटल्या चहाच्या टपरीवर फळीवर ठेवल्या. रात्रभर पाणी निवळलं. सकाळी एका बाटलीच्या तळाशी बोटभर लाल थर, दुसरीत नखभर. मी काही बोललेच नाही. दुपारपर्यंत टपरीवर भांडण जुंपलं होतं: 'माझी माती तुझ्या रानात आली' असं एकजण शेजाऱ्याला ऐकवत होता आणि शेजारी म्हणत होता, 'मग भाडं दे की.' त्या वर्षी आडव्या सरीला सहाजण तयार झाले.

इथे एक सावधगिरी. आपल्या पश्चिम भागात बटाटा आणि रताळ्याच्या सऱ्या उताराच्या दिशेने काढतात, हे पाहून पुस्तकी माणूस लगेच नाक मुरडतो. मीही मुरडलं होतं. पण शेतकऱ्याला कारण माहीत असतं: आपल्याकडच्या पावसात सरीत पाणी तुंबलं की बटाटा कुजतो. अगदी सपाट समपातळीची सरी काढायला लावलीस आणि आषाढात बटाटा सडला, तर पुढच्या वर्षी गावात पाय ठेवू देणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नसेल. सरी आडवी, पण किंचित कललेली हवी. शंभर फुटांत अर्धा फूट उतार पुरे. पाणी हळूहळू कडेला जाईल आणि तिथे गवताचा पाट करून ते खाली सोडायचं. गवत नसलेल्या पाटात तेच पाणी घळ पाडतं, हे विसरू नकोस.

ही पातळी काढायला यंत्र नको. बांबूच्या दोन सात फुटी काठ्या वर एकत्र बांध, मध्ये आडवी काठी लाव, म्हणजे इंग्रजी 'ए' (A) तयार होतो (इंग्रजी पहिलीपासून नव्हतं, तरी 'ए' सगळ्यांना येतो). वरच्या टोकाला दोरी बांधून खाली दगड लोंबकळत ठेव. दोन पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण कर, मग पाय उलटे करून त्याच जागी टेकव आणि पुन्हा खूण कर. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण, ती समपातळी. एका पायाला पातळ फळी बांधलीस की उतार मिळतो. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा गावातली पोरं जमली आणि मोठी माणसं दुरून बघत होती. दुसऱ्या दिवशी एकाने स्वतःचा 'ए' बनवला, माझ्यापेक्षा सरळ. तो तिथेच ठेवून निघून आले. आपलं सामान गावात राहिलं पाहिजे.

वाळ्याची गोष्ट मात्र माझ्या अंगावर उलटली. म्हैसूरच्या बाजूला गुंडलुपेट भागात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या माती धरून ठेवायला बांधावर वाळ्याचं गवत लावतात, हे वाचून मी मेच्या शेवटच्या आठवड्यात टेम्पोभर ठोंब आणले आणि वाटून टाकले. पाऊस पंधरा दिवस उशिरा आला. सगळे वाळले. एका आजीचे तेवढे जगले. तिने ते न्हाणीच्या मोरीबाहेर, अंघोळीच्या पाण्याच्या ओलाव्यात पुरून ठेवले होते. विचारलं तर म्हणाली, 'पाऊस कधी वेळेवर येतो काय?' पुढच्या वर्षापासून ठोंब मिरगाचा पाऊस खरंच लागल्यावरच वाटायचे, असं ठरलं. शिवाय वाळा गाईला फारसा आवडत नाही, म्हणून बहुतेकांनी बांधावर हत्तीगवत मागितलं. आमच्या वरिष्ठांना ते पसंत नव्हतं, मुळं उथळ म्हणून. पण वाळ्याचा बांध दुसऱ्या वर्षी कुणी बघत नव्हतं आणि हत्तीगवताचा बांध दूध देत होता. तू काय निवडशील ते तू ठरव.

खताबद्दल थोडक्यात. बटाट्याला निम्मं नत्र लावणीला, उरलेलं साधारण महिनाभराने मातीची भर देताना. भरून आलेल्या आभाळाखाली युरिया टाकू नये, एवढं पाळलं तरी बरंच वाचतं. एकाऐवजी दोनदा टाकायला मजूर लागतो. ते खर्चात धरून मग सल्ला दे.

एक प्रश्न तुला नक्की विचारतील: 'पाणी आमच्या रानात मुरलं तर धरणात काय येणार?' प्रश्न चतुर आहे, उडवून लावू नकोस. बांधामुळे धरणात जास्त पाणी येतं असं सांगू नकोस, ते खरं नाही. आपल्या भागात पाऊस एवढा की जलाशय बहुतेक वर्षी जुलै-ऑगस्टात भरतोच. आपण वाचवतो ती जागा, जी गाळाने भरते, आणि पाण्याचा दर्जा. एवढं प्रामाणिकपणे सांगितलंस तर पुढचं ऐकतील.

अजून एक. बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाच्या आसपास तुडयेसारखी गावं चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पाऊस दोन राज्यांत पडतो, ओढा एकच. तिकडच्या शेतकऱ्याला इकडची योजना लागू नाही आणि इकडच्याला तिकडची. ही अडचण तुझ्या पातळीवर सुटणारी नाही. पण बाटल्यांचा खेळ तिकडच्या टपरीवरही चालतो, त्याला मंजुरी लागत नाही.

*आम्ही टिळकवाडीत राहतो. उन्हाळ्यात पाणी कित्येक दिवसांनी येतं. वर शेतकऱ्यांच्या बांधांवर पाणीपट्टीतून खर्च करा असं आता काहीजण म्हणतात. आमच्या बिलातून का?*
*एक गृहिणी, बेळगाव*

चीड रास्त आहे, ताई. उन्हाळ्यात घागरी मांडून बसणाऱ्याला बांधाचं कौतुक कसं वाटेल?

तरी दोन उदाहरणं देते. न्यूयॉर्कचं बहुतेक पाणी शहरापासून दूर, कॅटस्किलच्या डोंगराळ भागातल्या धरणांतून येतं आणि ते गाळण प्रकल्पाशिवाय पुरवलं जातं. गाळण प्रकल्प बांधायचा तर अब्जावधी डॉलर लागले असते. त्याऐवजी 1997मध्ये शहराने वरच्या गावांशी करार केला आणि शेतातलं शेण नीट साठवायला, ओढ्याकाठी कुंपण घालायला पैसे दिले. म्युनिकने 1992पासून मांगफाल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळायला अनुदान दिलं. दोन्ही ठिकाणी पैसा शहराचाच. न्यूयॉर्कसारखं पाणी न गाळता आपल्याला पिता येणार नाही. लक्ष्मीटेकचं जलशुद्धीकरण केंद्र लागणारच. पण जितकी माती वर थांबेल तितकी तिथे तुरटी कमी.

आणि विजेचा हिशेबही बघा. शहराला पाणी देणारी धरणं दोन: राकसकोपची पूर्ण पातळी 2475 फूट, हिडकलची 2175. हिडकल मोठं, 51 टीएमसीचं. पण तिथलं पाणी शहरात आणायला तीनशे फूट जास्त उपसावं लागतं. राकसकोप गाळाने लहान झालं तर उरलेलं पाणी त्या खालच्या धरणातून उपसायचं, आणि त्याचं वीजबिलही शेवटी पाणीपट्टीतच येणार.

बाकी, नळाला पाणी कधी येणार याचं उत्तर माझ्याकडे नाही. वेळापत्रक मागा आणि ते लेखी मागा.

*तुम्ही नेहमी वरच्या शेतकऱ्यांचं लिहिता. आम्ही खालचे. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात भातात शिरतं, शहराची घाण घेऊन. त्याचं कोण बघणार?*
*एक शेतकरी, येळ्ळूर परिसर*

दादा, तुमची बाजू खरी आहे. शहर वरून स्वच्छ पाणी मागतं आणि खाली काय सोडतं ते बघत नाही. वरच्या गावात बोलताना हे मला कितीदा ऐकावं लागलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नाला रुंद करणं, सांडपाणी आधी शुद्ध करणं, ही पालिकेची कामं. शेतकरी संघटनेच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पावसाआधी द्या. भात बुडाल्यावर फक्त पंचनामा होतो. तोवर शेतात एवढं करा. सांडपाण्यात नत्र आधीच असतं, त्यावर नेहमीसारखा युरिया टाकलात तर भात नुसता गडद हिरवा होतो आणि ओंबी भरायच्या वेळी लोळतो. आपला बासमती तर उंच, तो आधी लोळतो. कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात माती तपासून घ्या आणि युरियाचा हप्ता कमी करून एका वाफ्यात बघा. कच्ची खायची भाजी, म्हणजे मुळा, कोथिंबीर, त्या पाण्यावर लावू नका. आणि चिखलणी करताना बायकांना गमबूट द्या. घरात एकच जोड असतो आणि तो पुरुषाच्या पायात असतो, हे मी बघितलंय.