जिप्सीच्या पुढच्या चाकातली कटकट

प्रश्न : जिप्सी किंग फोर-बाय-फोरमध्ये (चारही चाकांना ताकद) टाकून पूर्ण वळवली की पुढच्या उजव्या चाकातून कट-कट आवाज येतो. त्याच चाकाच्या आतल्या बाजूने काळं, पातळ तेल ओघळतं. सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) घरी बदलता येईल का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : येईल. पण दुखणी दोन आहेत: कटकट जॉइंटची, ओघळ सीलचा. जॉइंटचं ग्रीस असं पातळ होऊन ओघळत नाही. एक्सल हाउसिंगमधलं (एक्सलच्या नळीतलं) आतलं ऑइल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल नकलमध्ये (चाकासोबत वळणाऱ्या, जॉइंटभोवतीच्या घरात) शिरून ग्रीस धुऊन नेतंय. सील तसंच ठेवलंत तर नवा जॉइंटही कोरडा पडून जाईल. एक्सलचा ब्रीदरही (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) उघडून बघा. तो चिखलाने बुजला असेल, तर ऑइल तापल्यावर वाढलेला दाब नवं सीलही गळायला लावतो.

गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना दगड लावा आणि एक्सल स्टँडवर टेका. नुसत्या जॅकवर काम नको. आधी डिफरन्शियलचं ऑइल काढा. ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. मग या क्रमाने काढा: फ्लँजच्या (शाफ्टला हबशी जोडणाऱ्या चकतीच्या) आतला सर्क्लिप (अडकवायची कडी), फ्लँज, हबचं नट, हब आणि शेवटी स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो पोकळ दांडा). स्पिंडल हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सैल झालं की शाफ्ट जॉइंटसकट सरळ बाहेर येतो. बरेच जण इथे किंग पिनही (नकल ज्यांवर वळतो त्या वरच्या-खालच्या खिळ्या) सोडून बसतात. उगाच काम वाढतं, आतलं सील त्याशिवाय बदलता येतं.

जुना शाफ्ट दुकानात घेऊन जा आणि लांबी, दाते जुळवूनच माल घ्या. डाव्या-उजव्या शाफ्टची लांबी वेगळी असते. स्पिंडलच्या आतली बुश झिजली असेल तर तीही बदला. नकल डिझेलने धुऊन पूर्ण सुकवा. जॉइंटमध्ये मॉलिब्डेनमयुक्त लिथियम ग्रीस बोटाने दाबून, गोळ्यांच्या मागे पोहोचेपर्यंत भरा. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावा आणि शाफ्ट आत सारताना हाताने उचलून धरा. दाते ओठावरून घासत गेले की सील पहिल्याच दिवशी गळतं. शेवटी डिफरन्शियलमध्ये २ लिटर ८०डब्ल्यू-९० हायपॉइड ऑइल.

आणि कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर लावून वळू नका. या गाडीत पुढचा आणि मागचा एक्सल यांच्या मधोमध वेगळं डिफरन्शियल नाही. सगळा ताण जॉइंटवर येतो.

प्रश्न : जिप्सीच्या पुढच्या चाकाचा नकल उघडून बाहेरचं सील बदललं. आता खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात थरथरतं. चाकांचं बॅलन्सिंग करून झालं. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : चाक उचलून वर-खाली हलवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले (ढिलेपणा) गेला तर हबचं बेअरिंग सैल आहे. तरीही राहिला तर किंग पिन. खोलताना किंग पिनखालच्या वरच्या-खालच्या शिम्सची (पातळ पत्र्यांची) अदलाबदल झाली असेल, किंवा एखादी जास्त बसली असेल. शाफ्ट आणि नकलचं सील काढून, टाय रॉड सोडून, नकल आर्मच्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून ओढा. १ ते १.८ किलोवर नकल फिरू लागला पाहिजे. त्याआधीच फिरला तर शिम कमी करा.