स्पोर्ट्स कारचं इंजिन गरम झालं की ऑइल प्रेशरचा काटा खाली येतो, हे नॉर्मल आहे का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की २००६ ची सेकंडहँड पोर्श ९११ घेतली. सकाळी स्टार्ट केली की काटा ५ बारला चिकटतो. धुळ्याहून जळगावला येईपर्यंत गाडी तापते आणि सिग्नलला उभी राहिली की काटा दीडवर येतो. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन ढिलं झालंय, २०डब्ल्यू-५० हे घट्ट तेल टाका.

काटा नॉर्मल आहे. तेल घट्ट करू नका.

एवढ्यावर थांबलो असतो. पण २०डब्ल्यू-५० वाचलं आणि मला बसून लिहावंच लागलं. ह्याच तेलावरून माझा आणि आमच्या दाजींचा वाद लग्नाच्या पंगतीतसुद्धा झालेला आहे.

आधी तुमच्या काट्याचं बघू. पंप प्रेशर बनवत नाही, तो तेल ढकलतो. पुढे बेअरिंगच्या बारीक फटीतून जाताना तेलाला जो अडथळा होतो, त्याचं प्रेशर बनतं. तुमच्या गाडीत ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० असणार. ४० अंशाला ह्या तेलाचा घट्टपणा ८० सेंटीस्टोकच्या आसपास असतो, १०० अंशाला १३-१४. म्हणजे तेल जवळपास सहापट पातळ झालं. मग काटा खाली येणार नाही तर काय होईल? गरम इंजिनला हजार आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना ठोकताळा आहे. तुमचं आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, ७०० च्या आसपास, म्हणजे अर्धा बार मिळाला तरी ठोकताळ्यात बसतं. तुम्हाला त्याच्या तिप्पट मिळतंय, तेही आपल्या उन्हात. खरी परीक्षा वरच्या रेसला. तेल ९० अंशाला आणि ५००० आरपीएमवर साडेतीन बार किंवा जास्त आलं, तर त्या पंपाला आणि बेअरिंगला हात लावायचं कारण नाही. मीटरवर ५ च्या पुढे आकडेच नसल्यामुळे सकाळचा चिकटलेला काटा काहीही सांगत नाही.

आता दाजींचं. त्यांचं भुसावळला ऑइल आणि स्पेअर पार्टचं दुकान आहे. माणूस सोन्यासारखा, आमच्या वडिलांच्या आजारपणात रात्ररात्र जागलेला. पण काटा वर म्हणजे इंजिन ठणठणीत, हे त्यांच्या डोक्यात असं बसलंय की निघत नाही.

माझ्याकडे सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्यांची गाडी आली होती. तीही ९११, तुमच्या आधीच्या ९९६ पिढीची. एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या वर्कशॉपने फक्त डॅशबोर्डवरचा काटा बघून सांगितलं होतं, मेन बेअरिंग गेले, इंजिन खोलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून शेठनी गाडी टोइंगवर घालून थेट माझ्या दारात आणली. गरम आयडलला काटा अर्ध्या बारलाही टेकत नव्हता, हे खरं होतं. दाजी त्या दिवशी गॅरेजातच चहा घेत बसले होते. बसल्या जागेवरून म्हणाले, "अरे भो, पाण्यासारखं तेल भरलंय त्यात. वीस-पन्नास टाक, काटा कसा उभा राहतो बघ."

मी सेंडर, म्हणजे इंजिनातलं प्रेशर मोजून डॅशबोर्डच्या काट्याला कळवणारा पार्ट, काढला आणि तो हातात घेऊन एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे गेलो. पितळी रॉडमधून त्याने ॲडॅप्टर काढला. एका बाजूला सेंडरचे आटे, दुसऱ्या बाजूला माझ्या मेकॅनिकल गेजचे. आटे पाडताना तो दर खेपेला सेंडर शेजारी धरून बघत होता. पोऱ्या जोडावर टेफलॉन टेप गुंडाळायला निघाला, त्याला थांबवलं. टेपची एक चिंधी तेलात गेली तर ती कुठल्या बारीक छिद्रात जाऊन बसेल ह्याचा नेम नाही. तांब्याचं वॉशर घातलं आणि जोड घट्ट केला. मग तेल ९० च्या वर जाईपर्यंत गाडी चालू ठेवली आणि पोऱ्याला रेस द्यायला लावली. मेकॅनिकल गेजने आयडलला १.६ बार दाखवलं, ५००० ला चारच्या थोडं वर. काटा कुठे थरथरला नाही, कुठे अडला नाही.

तरीही ऑइल फिल्टर काढून कागदाची एकेक घडी उघडली आणि उन्हात धरून पाहिली. इथे बरेच जण लोहचुंबक फिरवतात आणि काही चिकटलं नाही की सुटलो म्हणतात. बेअरिंगचा मुलामा चुंबकाला चिकटतच नाही, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. ॲल्युमिनियमसारखी किंवा तांबूस चकाकणारी टिकली दिसली तर काळजी. त्या फिल्टरमध्ये तसं काही नव्हतं. नवा सेंडर बसवला, डॅशबोर्डचा काटा माझ्या गेजशी जुळला. ती गाडी आजही रावेर रोडवर पळते, इंजिन न खोलता.

त्यावर दाजी काय म्हणाले? "वीस-पन्नास टाकलं असतं तरी काटा वर आलाच असता."

आलाच असता! मी गेली कित्येक वर्षं हेच सांगतोय. बिघडलेल्या सेंडरनेसुद्धा काटा वर दाखवला असता, शेठ खूश होऊन घरी गेले असते, आणि चुकीच्या तेलावर गाडी चालत राहिली असती. आपल्याकडे प्रत्येक मळ्यात ठिबक आहे, तिथलंच घ्या. ड्रिपर क्षाराने बुजले की विहिरीजवळच्या गेजवर प्रेशर वाढतं, आणि शेवटच्या ओळीतली केळी मात्र वाळते. प्रेशर वाढलं म्हणून पाणी वाढलं असं कुठला शेतकरी म्हणत नाही. घट्ट तेलाचं असंच आहे. थंडीत, पौष महिन्यात पहाटे स्टार्ट करा. काटा टोकाला जातो, जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, पंपाने ओढलेलं बरंचसं तेल बेअरिंगकडे न जाता मागच्या मागे वळतं. हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणारे) आणि कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणारी यंत्रणा त्याच तेलावर चालतात, त्यांनाही ते वेळेवर पोचत नाही. बेअरिंगमधला शाफ्ट तरंगतो तो फिरण्याने बनलेल्या तेलाच्या पापुद्र्यावर. पंपाचं काम तिथे तेल कमी पडू न देणं.

माझ्या मते लोकांच्या ह्याच घाबरटपणामुळे कंपन्यांनी काटेच काढून टाकले. माझदाने एमएक्स-५ मध्ये १९९५ पासून काटा ठेवला, पण मागे नुसता स्विच लावला. थोडं प्रेशर असलं की तो मध्यावर जाऊन बसतो. तुमच्या गाडीत खरा काटा आहे, ही चैन आहे. तो हलणारच.

घाबरायचं केव्हा, तेही सांगतो. रेस वाढवल्यावर काटा वाढत नसेल. लांब वळणावर अचानक पडत असेल, कारण तेव्हा पंप हवा ओढत असतो. हे ट्रॅकवर होतं, कन्नड घाटात नीट चालवलीत तर होणार नाही. लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे चावी बंद करा, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ म्हणू नका. काटा एकदम शून्यावर किंवा एकदम टोकाला जाऊन खिळला आणि इंजिनचा आवाज नेहमीचाच असेल, तर इंजिन बंद करून आधी वायर बघा. व्हीडीओ कंपनीच्या जातीच्या सेंडरची वायर तुटली तर काटा टोकाला जातो, बॉडीला टेकली तर शून्यावर.

दोन गोष्टी राहिल्या. हे सगळं साध्या पंपाच्या इंजिनाबद्दल आहे. २००९ पासूनच्या ९११ मध्ये गरजेप्रमाणे प्रेशर कमीजास्त करणारा पंप आला, त्याला वरचा ठोकताळा जसाच्या तसा लावू नका. आणि तुमच्या पिढीच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टच्या (क्रँकची फिरकी कॅमशाफ्टकडे पोचवणारा मधला दांडा) बेअरिंगची भीती असते, सिलिंडरला ओरखडे पडण्याचीही. त्यातलं काहीच हा काटा सांगत नाही. त्यासाठी दर सर्व्हिसला फिल्टर उघडून बघा.

आणि दाजींच्या बाजूने एवढं मान्य करतो: झिजलेल्या जुन्या ट्रॅक्टरला घट्ट तेल टाकून शेतकऱ्याचा एक हंगाम निघतो. पेरणीच्या तोंडावर इंजिन खोलणं परवडत नाही, तिथे ते चुकत नाहीत. पण ते तिथेच.

तुमच्या गॅरेजवाल्याला मेकॅनिकल गेज लावायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरं गॅरेज बघा. गरम आयडलचा आणि ५००० चा आकडा, त्या वेळचं तेलाचं तापमान आणि सध्या कुठलं तेल आहे, एवढं खाली लिहा. बघून सांगतो.