‘काउ छो’ ऐकलं की पोटात गोळा

“ताई, तीन वर्षं झाली इथे. कँटोनीज शिकतेय, पण चुकेल या भीतीनं तोंडच उघडत नाही.” हाँगकाँगच्या एका ऑफिसात हिशेब सांभाळणारी ती व्हिडिओवर सांगत होती. (लिहायला तिची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) समुपदेशनाच्या सत्रांत परक्या भाषेत राहणाऱ्या कितीजणांकडून मी हे ऐकते.

कामावर कुणी “याउ मोउ काउ छो!” म्हटलं की तिच्या पोटात गोळा यायचा. शब्दशः अर्थ, ‘काही चुकलंय की नाही?’ तिला वाटायचं, आपल्यालाच बोलतायत. मग उठसूट “तोय म्-च्यू”. ही माफी जड आहे, कुणाला खरंच त्रास झाला तर मागायची. धक्का लागला, दोन मिनिटं उशीर झाला, तर “म्-होउ यी सी” पुरतं. तिच्या माफीनं सहकारी अवघडायचे आणि ते अवघडणं तिला राग वाटायचा.

मी तिला आठवडाभर एवढंच टिपायला सांगितलं: ‘काउ छो’ कोण, कशावर म्हणालं? नऊ नोंदी आल्या. प्रिंटर अडकला, पाऊस आला, जेवण महागलं, म्हणजे आपलं “काय हे!” एक नोंद मात्र तिच्याच चुकलेल्या बेरजेवर होती.

पुढची दोन सत्रं आम्ही त्या एका नोंदीपाशी बसलो. ती म्हणायची, “मीच चुकीची आहे.” मी तिला तिचीच वही उघडायला लावली. कँटोनीजमध्ये ‘छो’ क्रियापदाला चिकटतो: थेंग छो, ऐकण्यात चूक. थाय छो, बघण्यात. कॉंग छो, बोलण्यात. कय छो, हिशेबात. चूक त्या कृतीची. आपणही “माझं चुकलं” म्हणतोच की, तिथेही चुकतं ते काम. हे तिला मराठीतून चटकन उमजलं. शेवटी लागणारा ‘चो’ म्हणजे ‘झालं, होऊन गेलं’. त्यातला च आपल्या ‘चोर’मधला, तो तिला आयता जमला.

मागच्या महिन्यात घसा बसला असताना ती छा छान थेंगमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या हॉटेलात गेली. लिंबाचा चहा गरम हवा होता, तोंडातून ‘तुंग’, म्हणजे थंड, निघून गेलं. पूर्वी तिनं तो मुकाट्यानं प्यायला असता. वेटर वळला होता, तिनं हाक मारली: “ङो कॉंग छो चो,” मी बोलण्यात चुकले. त्यानं कागदावर काट मारली, नवं लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

चहा गरम आला.