फरसाणाच्या पुड्यामागचं जंगल

प्रश्न : फरसाणाच्या पुड्यावर 'पामोलीन तेल' असं लिहिलेलं असतं. मुलगी म्हणते, त्यापायी इंडोनेशियात जंगलं तोडतात. खरं का? मग ते खाणं सोडावं का? – एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, मुलगी खरं बोलते. पामोलीन म्हणजे पाम झाडाच्या फळातून निघणाऱ्या पामतेलाचाच पातळ भाग. मी बोटीवर इंजिनिअर होतो. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरच्या दुमाई बंदरातून आम्ही पामतेल कांडल्याला आणायचो. थंड झालं की ते तुपासारखं थिजतं, म्हणून टाक्यांतल्या नळ्यांत वाफ सोडून वाटभर कोमट ठेवावं लागे.

२०१५च्या सप्टेंबरात तिथे भरदुपारी शेजारची बोट दिसेना, इतका धूर. घशात जळक्या मातीची चव. हो, मातीच जळत होती! तिथली दलदल म्हणजे हजारो वर्षं साचलेला पानाफांद्यांचा थर. पामच्या लागवडीसाठी चर खणून पाणी काढलं की तो सुकतो, पेटतो आणि जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसतो. त्या वर्षी इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं.

जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करतो तो आपला देश. पामचं फळ तोडलं की तेल काढायला एक-दोन दिवसांत गिरणीत पोचवावं लागतं. म्हणून मळ्याजवळ गिरणी, गिरणीसाठी रस्ता आणि रस्त्याच्या कडेने आणखी तोड.

तरी सोयाबीन तेलाकडे वळा, असं मी सांगणार नाही. पामचं हेक्टरी तेल सोयाबीनच्या कितीतरी पट. तेवढंच तेल हवं तर जमीन उलट जास्त लागेल. तळण कमी करा. आणि फरसाणवाल्या कंपनीला पत्र लिहून विचारा : तेल कुठल्या गिरणीचं? मुलीलाच लिहू द्या.