उपमा आणि उत्प्रेक्षा चटकन ओळखण्याची युक्ती कोणती?

‘सारखा’ दिसला की उपमा आणि ‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा, एवढी युक्ती लोकसेवा आयोगाच्या वस्तुनिष्ठ परीक्षेला पुरेल का, असे आपण विचारले आहे. पुरणार नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून ही युक्ती वर्षानुवर्षे फिरते आहे आणि तिच्यापायी मी एका शिकवणीवर्गातले काम सोडले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या वर्गाच्या सराव प्रश्नपत्रिकेत ‘धाकट्या सुनेचा आवाज अगदी सासूबाईंसारखा आहे’ या वाक्यातला अलंकार विचारला होता आणि उत्तरसूचीत ‘उपमा’ छापले होते. मी संचालकांना म्हणालो की, येथे अलंकारच नाही; ही शेजारणीने सांगायची बातमी झाली. साम्यात काही चमत्कृती असेल तरच ती उपमा, आणि ‘गवय (एक रानटी जनावर) गायीसारखा असतो’ हे वाक्य साहित्यशास्त्रात नेमके याच कारणासाठी अलंकाराबाहेर ठेवले जाते. उलट ‘चंद्रमुखी’त ‘सारखी’ कोठेच नाही, तरी ती लुप्तोपमा, म्हणजे साम्याचा शब्द गाळलेली उपमा आहे. यावर, “सर, मुलांना मार्क हवेत, शास्त्र नको,” असे म्हणून त्यांनी चहा मागवला. त्याच प्रश्नपत्रिकेत ‘धरणातून पाणी सोडताच पूल बुडाला’ हे वाक्य अतिशयोक्तीचे उदाहरण म्हणून दिले होते, तेही खडकवासल्याचा विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जाणाऱ्या गावात!

आता आपला प्रश्न. ‘मुख चंद्रासारखे’ म्हणताना कवी दोन वस्तू वेगळ्या ठेवतो (उपमा), ‘मुख जणू चंद्रच’ म्हणताना ते चंद्र असावे अशी कल्पना करतो (उत्प्रेक्षा) आणि ‘मुखचंद्र’ म्हणताना दोन्ही एकच मानतो (रूपक). म्हणून ‘सारखा’ नि ‘जणू’ बोटाने झाकून वाक्य वाचावे आणि कवीचा दावा कोठवर गेला आहे ते पाहावे. अपन्हुती या अलंकारात तर तो उपमेयालाच, म्हणजे ज्याचे वर्णन करायचे त्या वस्तूलाच नाकारतो. तिथे गोंधळ सहसा होत नाही.

परीक्षा अगदी तोंडावर आली असेल तर मात्र शब्दांची यादीच पाठ करावी, कारण बरेचसे प्रश्न ठरावीक उदाहरणांवर येतात. आयोगाच्या पहिल्या उत्तरसूचीतले उत्तर चुकीचे वाटले तर मुदतीत हरकत नोंदवता येते. तिला व्याकरणाच्या पुस्तकातले पान जोडावे, वर्गाच्या नोट्स नव्हेत.