पशुपालकांचे प्रश्न : कुत्रीचं ऑपरेशन करावं का?

प्रश्न : वावरात जागलीसाठी आम्ही एक गावठी कुत्रा आणि एक कुत्री पाळली आहे. कुत्री दीड वर्षाची आहे. दिवाळीत माजावर आली होती, पण बांधून ठेवल्यानं गाभण राहिली नाही. आता तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यावं असं मुलगी म्हणते. घरची म्हातारी माणसं म्हणतात, एक वेत तरी होऊ द्या, नाहीतर कुत्री आजारी पडते. कुत्र्याचं केलं तर तो राखण सोडेल, अशीही भीती आहे. काय करावं?
— एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : कुत्रीचं करून घ्या. कुत्र्याचं जरा विचार करून ठरवलं तरी चालेल.

एका वेतानं कुत्रीच्या तब्येतीला काहीही फायदा होत नाही. उलट प्रत्येक माजानंतर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि वयाबरोबर तो वाढत जातो. माज संपून महिना-दोन महिने झाले की कुत्री खूप पाणी पिऊ लागते, खाणं सोडते, ओकते. कधी मागून पू येतो. कधी गर्भाशयाचं तोंड बंद राहून सगळा पू आतच साठतो आणि पोट फुगतं. हा दुसरा प्रकार काही दिवसांत जीव घेतो. ऑपरेशनमध्ये अंडाशय आणि गर्भाशय दोन्ही काढतात, त्यामुळे हा आजार टळतो. लवकर केलं तर स्तनांच्या गाठींचा धोकाही बराच कमी होतो. माज थांबवण्याचं इंजेक्शन मात्र कोणी सुचवलं तरी घेऊ नका. गर्भाशयात पू होण्याचं ते एक ठळक कारण आहे.

वेळ नीट निवडा. माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. माजानंतरचे दोन महिनेही टाळा. त्या काळात कुत्री खोटी गाभण राहते, सडांना दूध येतं, आणि तेव्हा ऑपरेशन केलं तर दूध लवकर आटत नाही. म्हणजे दिवाळीच्या माजानंतर तुमच्यासाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पुढचा माज साधारण सहा-सात महिन्यांनी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात येईल. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात गुंगीतलं जनावर सांभाळणं कठीण, आणि पावसाळ्यात जखमेवर माशी बसून अळ्या पडतात.

आपल्या भागात सर्वात जास्त दगा देतो तो गोचीड. गोचिडाच्या तापात प्लेटलेट घटतात, कुत्री वरून धडधाकट दिसते आणि टेबलावर रक्त थांबत नाही. म्हणून ऑपरेशनआधी रक्त तपासून घ्या. प्लेटलेट 1 लाखाच्या खाली असतील तर आधी तापाचा उपचार, जो साधारण चार आठवडे चालतो, आणि पुन्हा तपासणी. जंताचं औषध आणि रेबीजची लस दोन-तीन आठवडे आधीच उरकून घ्या. भुलीचा डोस वजनावर ठरतो. कुत्रीला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. अंदाजानं वजन सांगू नका.

आदल्या रात्री नऊनंतर भाकर नाही, सकाळी पाणीही काढून घ्या. पोट भरलेलं असेल तर गुंगीत उलटी श्वासनलिकेत जाते. घरी आणल्यावर सावलीत, कोरड्या पोत्यावर कुशीवर निजवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालू नका. हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोट फुगलं किंवा कुत्री गळून पडली तर आत रक्तस्राव होतोय असं समजा आणि त्याच घटकेला दवाखान्यात न्या. पहिले 24 तास यासाठीच डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं.

नंतर दहा-बारा दिवस, टाके निघेपर्यंत, घरीच आखूड दोरीला बांधा. वावरात नेऊ नका, उडी मारू देऊ नका, आंघोळ नाही. चाटून टाके उसवतात. चाटू न देणारी, डोक्याभोवतीची कॉलर नसेल तर प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापून ती मानेत अडकवा. जखमेवर हळद-तेल, राख लावू नका. दुखतंय म्हणून माणसांची ब्रुफेन, डायक्लोफेनॅक तर मुळीच नको. त्यानं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात.

आता कुत्रा. राखण करणं, रानडुकरावर भुंकणं हे अंडकोषांवर अवलंबून नसतं. ते तसंच राहतं. कमी होतं ते माद्यांमागे गावभर भटकणं, नरांशी मारामारी आणि जागोजागी मुतणं. समागमातून लागणारी, लघवीच्या जागी रक्त गाळणारी गाठ आपल्याकडे फार दिसते. ती लागण्याची शक्यताही घटते. पण कुत्रा मुळात भित्रा असेल तर थांबा, ऑपरेशननं भीती जात नाही, कधी वाढतेही. एकच अंडकोष खाली उतरला असेल तर मात्र करायलाच हवं, कारण आत राहिलेल्या अंडकोषात कर्करोगाचा धोका जास्त असतो. ऑपरेशननंतरही महिनाभर तो मादी गाभण करू शकतो, त्याला वेगळा बांधा.

तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी विचारा. रक्त तपासणीची सोय नसेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

प्रश्न : सात महिन्यांचा लॅब्रॅडॉर आहे. लगेच करावं का?
— एक वाचक, जि. बुलडाणा

उत्तर : नको. मोठ्या जातीत हाडांची वाढ पूर्ण होण्याआधी नसबंदी केली तर सांध्यांचे त्रास वाढतात. 12 ते 18 महिन्यांचा होऊ द्या. ऑपरेशननंतर खुराक पाव हिश्शानं कमी करा, लॅब्रॅडॉर पटकन सुटतो. दर महिन्याला बरगड्यांवरून हात फिरवा. त्या हाताला लागल्या पाहिजेत.