छोट्या कार्यक्रमांसाठी एचएक्स स्टॉम्प, आयरिडियम की टोनेक्स वन? आणि खऱ्या अ‍ॅम्पसारखं वाटतं का?

ही तिन्ही गिटार अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारी छोटी पेडल्स, म्हणजे मॉडेलर. त्यांतलं मी आयरिडियम घेईन, आणि त्याचं कारण आवाज नाही. आवाज तिन्हींचा चांगला आहे. बँडसोबत वाजत असताना समोर बसलेल्यांपैकी कोणालाही फरक ओळखता येणार नाही. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे विचारलंय, "खऱ्या अ‍ॅम्पसारखं वाटतं का", त्यावर मला आधी बोलायचंय. आमच्या बँडमधल्या दुसऱ्या गिटारवाल्याशी माझा हाच वाद कित्येक वर्षं चालू आहे.

त्याच्याकडे बारा इंची स्पीकरचा ट्यूब कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे. अ‍ॅम्प उत्तम, त्याबद्दल दुमत नाही. पण लहान जागेत त्याचं काय होतं ते सांगतो. एका छोट्या हॉलमध्ये वाजवत होतो. स्टेज जेमतेम गुडघाभर उंच, पहिली रांग अगदी समोर. त्याचा अ‍ॅम्प त्याच्या पोटऱ्यांमागे जमिनीवर. गिटार स्पीकरचा ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, बाजूला फारसा पसरत नाही. झोत जात होता त्याच्या गुडघ्यांकडे आणि कानाला येत होता बद्द आवाज. म्हणून त्याने ट्रेबल वाढवला. पहिल्या रांगेत नेमक्या झोतात बसलेल्या बाईंनी कानावर हात ठेवले, आणि चार खुर्च्या पलीकडच्यांना त्याची गिटार धड कळत नव्हती. शिवाय ती गायिकेच्या माइकमध्ये शिरत होती, त्यामुळे साउंडवाला गाणं वर घ्यायला गेला की गिटारही वर यायची. शेवटी साउंडवाल्याने अ‍ॅम्प कमी करायला लावला. ट्यूब अ‍ॅम्पची सगळी मजा पॉवर ट्यूब ताणल्या गेल्यावर येते, तीच गेली.

मी शेजारीच उभा होतो. पेडल डीआय बॉक्समधून (सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी) थेट मिक्सरला, आणि मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, तिरपा ठेवून तोंड माझ्याकडे. मला प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू येत होता. नंतर साउंडवाल्यानेच त्याला सांगितलं, "पुढच्या वेळी तुम्हीपण पेडल आणा." यावर त्या गिटारवाल्याचं उत्तर ठरलेलं: "त्यात फील नाही."

फील येतो कुठून ते तरी बघा. मॉडेलरमधल्या कॅबचा (स्पीकरच्या पेटीचा) आवाज, म्हणजे आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स), स्पीकरच्या तोंडाशी माइक लावून घेतलेला असतो. रेकॉर्डिंगमध्ये आणि मोठ्या स्टेजवर लोकांना तोच ऐकू येतो. अ‍ॅम्पशेजारी उभं राहून येणारा आवाज वेगळाच असतो. त्याने माझं पेडल हेडफोनवर ऐकलं आणि तुलना केली पाठीमागे हवा ढकलणाऱ्या कॉम्बोशी. ही तुलना हेडफोन आणि स्पीकरची झाली, पेडलची नव्हे. त्याचा दुसरा मुद्दा लॅगचा, म्हणजे सूर उशिरा ऐकू येण्याचा. आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. सरावाच्या खोलीत अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहिलं की 9 मिलिसेकंद उशीर होतोच, आणि त्याबद्दल त्याची कधी तक्रार नसते. मग पेडलच्या दोन-तीन मिलिसेकंदांनी हात कसा अडखळेल?

आता निवडीचं. लहान कार्यक्रमात साउंडचेकला वेळ मिळत नाही आणि प्रत्येक जागा वेगळी वाजते, म्हणून हाताशी नॉब हवेत. आयरिडियमवर ड्राइव्ह, लेव्हल, बेस, मिडल, ट्रेबल, रूम सगळं वरच आहे, आणि फेंडर, व्हॉक्स, मार्शल या तीन वळणांचे अ‍ॅम्प. दोन गाण्यांच्या मधे वाकायचं, मिडल थोडा वाढवायचा, पुढचं गाणं सुरू. एचएक्स स्टॉम्पमध्ये डिले, रिव्हर्ब, मॉड्युलेशन सगळं आहे. तुमच्याकडे वेगळी पेडल्स नसतील आणि गाण्यागणिक पॅच (साठवलेलं सेटिंग) बदलायचा असेल तर तेच घ्या. पण अंधारात त्या छोट्या स्क्रीनवर पानं उलटत बसणं मला पटत नाही. टोनेक्स वन खिशात मावतं, मात्र त्यातला कॅप्चर, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पचा डिजिटल ठसा, एका अ‍ॅम्पच्या एकाच सेटिंगचा असतो. पुढे ट्रेबल फिरवला तरी तो त्या अ‍ॅम्पचा ट्रेबल नसतो.

कुठलंही घ्या, आवाज घरी हळू वाजवून ठरवू नका. हळू आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून मांडलं होतं. म्हणून घरी आपण ते दोन्ही वाढवतो, आणि स्टेजवर तोच पॅच घुमतो, चरचरतो, मिड्स नसल्यामुळे बँडखाली गाडला जातो. मिक्सरवर 80 ते 100 हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा. गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झची आहे, त्याखालची जागा बेस गिटार आणि किक ड्रमची.

तिन्हींपैकी एकालाही एक्सएलआर आउटपुट (मिक्सरला थेट जोडायचं तीन पिनांचं) नाही, तेव्हा डीआय बॉक्स स्वतःचा ठेवा. वीजही तपासा: आयरिडियमला 500 मिलिअ‍ॅम्पिअर लागतात, एचएक्स स्टॉम्पसोबत येणारा अ‍ॅडॉप्टर 3 अ‍ॅम्पिअरचा असतो, आणि पेडलबोर्डच्या सप्लायमधल्या 100 मिलिअ‍ॅम्पिअरच्या पॉइंटवर यातलं एकही चालणार नाही. आणि हे सगळं मॉनिटर धड असेल तरच. तो नसेल तर माझं म्हणणं निम्मं गळतं.

एका बाबतीत मात्र तो दुसरा गिटारवाला बरोबर आहे. अ‍ॅम्पसमोर गिटार धरून फीडबॅकवर सूर लांबवायचा असेल तर मागे स्पीकर लागतोच. तुमच्या गाण्यांत तसं असेल तर एक आउटपुट मिक्सरला द्या आणि दुसरं मागे ठेवलेल्या छोट्या एफआरएफआर (आवाज जसाच्या तसा ऐकवणाऱ्या) स्पीकरला. त्यालाही मी हेच सांगून ठेवलंय; अजून त्याने करून पाहिलेलं नाही.